विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून घरातला पीसी भंगारात काढायचा का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला आणि तेव्हापासून मला नातेवाइकांचे फोन सुरू झाले. घरात एकच सॉफ्टवेअर इंजिनिअर असला की तोच सगळ्यांचा कस्टमर केअर असतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेलच. प्रश्न सगळ्यांचा एकच: "अरे, पीसीवर मोठा मेसेज येतोय. आता नवीन घ्यावा लागणार का?"

छोटं उत्तर: बहुतेक वेळा नाही, निदान लगेच तरी नाही. पण "काही होत नाही, चालू दे तसंच" हेही चुकीचं आहे. या दोन टोकांच्या मध्ये नेमकं काय करायचं, ते आज बघूया.

सपोर्ट संपला म्हणजे नक्की काय झालं?

पीसी बंद पडलेला नाही. १५ ऑक्टोबरच्या सकाळीही तो नेहमीसारखाच सुरू झाला. थांबले ते मोफत मिळणारे सिक्युरिटी अपडेट.

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी हे अपडेट सोडते. त्यात सापडलेल्या त्रुटी बुजवलेल्या असतात. आता गंमत बघा. विंडोज १० आणि ११ चा बराचसा कोड आतून सारखाच आहे. एखादी त्रुटी ११ मध्ये बुजवली गेली की हॅकर तो अपडेट उघडून बघतात, काय बदललं ते शोधतात आणि तीच त्रुटी १० मध्ये आहे का ते तपासतात. म्हणजे शेजाऱ्याने कुलूप बदललं की चोराला कळतं, जुनं कुलूप कच्चं होतं. तुमच्या दारावर मात्र अजून तेच लटकतंय.

ही नुसती भीती नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय हल्ला आठवा. दीडशेहून जास्त देशांतले दोन लाखांवर कॉम्प्युटर लॉक झाले, ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांचं काम ठप्प झालं. त्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी दोन महिने तो टाकला नाही, तेच प्रामुख्याने अडकले. विंडोज १० वर आता प्रश्न दोन महिन्यांचा नाही, कायमचा आहे.

"पण माझं यूपीआय तर मोबाईलवर आहे!" असं कोणी म्हणेल. बरोबर. पण आधार-पॅनचे स्कॅन कुठे आहेत? बाबांच्या नेटबँकिंगचा पासवर्ड कोणत्या ब्राउझरमध्ये सेव्ह आहे? तुमचं व्हॉट्सॲप वेब कुठे उघडं असतं? बहुतेक घरांत उत्तर एकच: हॉलमधला तो पीसी.

विंडोज ११ का चढत नाही?

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं, ते अटी घेऊनच. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट, टीपीएम २.० आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर. इंटेलमध्ये ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेच्या आसपास. थोडे अपवाद दोन्हीकडे आहेत, म्हणून आपलं नेमकं मॉडेल तपासावं.

टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या ठेवायची तिजोरी. ती वेगळी चिप असू शकते, किंवा प्रोसेसरच्या आतच असते. आणि इथेच लोक फसतात.

माझ्या मामेबहिणीचा पीसी कराडला असेंबल केलेला. आय३-८१००, म्हणजे आठवी पिढी. तिने दुकानात विचारलं, तर उत्तर मिळालं, "हा सपोर्टेड नाही, नवीन सेट घ्या." बजेट सांगितलं चाळीस हजार. तिने मला व्हिडिओ कॉल केला, "दादा, एकदा बघ ना." बायोसमध्ये गेलो, तर इंटेल पीटीटी हा पर्याय बंद होता. पीटीटी हे इंटेलच्या प्रोसेसरमधल्या टीपीएमचंच नाव. एएमडीमध्ये त्याला एफटीपीएम म्हणतात. तिजोरी घरातच होती, फक्त कुलूप घालून ठेवलेली. ती सुरू केली. विंडोज जुन्या लेगसी मोडमध्ये टाकलेलं होतं, म्हणून आधी सगळ्या फाइल्सचा बॅकअप घेतला आणि मग डिस्क नव्या पद्धतीत बदलली. एक संध्याकाळ गेली, रुपया गेला नाही.

म्हणून आधी मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत ॲप चालवा. ते नुसतं नाही म्हणत नाही, कशासाठी नाही तेही सांगतं. कारण टीपीएम किंवा सिक्युअर बूट असेल तर बहुधा बायोसमध्ये सोय निघते. कारण प्रोसेसर असेल तर मात्र खरी अडचण आहे.

एक सावधगिरी: डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट असेल तर बायोसमध्ये हात घालण्याआधी रिकव्हरी की लिहून ठेवा. नाहीतर पीसी ४८ आकडी की मागत बसेल आणि फोटो आत अडकतील.

खरोखर जुना असेल तर?

आमच्या घरचा पीसी याच गटातला. आय३-७१००, सातवी पिढी, २०१८ मध्ये घेतलेला. बाबा त्यावर सोसायटीचा हिशोब आणि नोटिसा करतात. त्यासाठी मी चार पर्याय तोलून बघितले.

१) ईएसयू. म्हणजे सिक्युरिटी अपडेटची वाढीव मुदत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडलं की नोंदणीची लिंक दिसते. पीसीवर विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट हवं. तीन मार्ग आहेत: ३० डॉलर किंवा तेवढे रुपये भरा, १००० रिवॉर्ड पॉइंट द्या, किंवा पीसीची सेटिंग्ज क्लाउडवर सिंक करा. तिसऱ्याला पैसे लागत नाहीत. फक्त सिंक करताना सगळे फोल्डर ढकलू नका, कारण वनड्राइव्हची मोफत जागा ५ जीबीच आहे.

२) जुगाड करून विंडोज ११. अटी चुकवून ते टाकता येतं, व्हिडिओ ढिगाने आहेत. पण अशा पीसीला अपडेटचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहिलंय. ज्या अपडेटसाठी हा खटाटोप, त्याचीच खात्री नाही. स्वतःच्या प्रयोगाच्या पीसीवर करा, बाबांच्या नको.

३) लिनक्स. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, ते फुकट आहे आणि दिसायला विंडोजच्या जवळ आहे. सीईटीचा फॉर्म, महाडीबीटी, यूट्यूब, ईमेल हे सगळं ब्राउझरमध्येच चालतं. मराठी युनिकोड टायपिंगही होतं. अडचण येते ती टॅली, डिजिटल सिग्नेचरचा डोंगल आणि श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइल्सची. बाबांच्या दहा वर्षांच्या नोटिसा जुन्या फॉन्टमध्ये आहेत, म्हणून त्यांच्या टेबलावर लिनक्स सध्या नाही. शिवाय आपल्याकडच्या कित्येक घरांत कॉम्प्युटरशी पहिली ओळख एमएस-सीआयटीच्या वर्गात, विंडोजवरच झालीये. ती सवय बदलायला वेळ लागतो, त्यात कमीपणा काही नाही.

४) नवीन पीसी. याबद्दल पुढे सविस्तर.

मी बाबांसाठी ईएसयू घेतलं आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी सॅटा एसएसडी बसवली. पीसी उठायला आधी चहा होऊन जायचा, आता गॅस पेटवेपर्यंत तो तयार असतो. वर्षभराची सोय झाली, तीही कमी खर्चात.

नवीन घ्यायची घाई आत्ताच का नको?

एरवी मी म्हटलं असतं, जमत असेल तर घ्या. पण सध्या बाजार उलटा फिरलाय. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जोरात वाढले. जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या महागड्या मेमरीत नफा जास्त, म्हणून कारखान्यांची ताकद तिकडे वळली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. तुमच्या फोनवर एआयने बनवलेला फोटो फुकट दिसतो, पण त्याच्या बिलाचा एक तुकडा असा तुमच्या पीसीच्या किमतीत येतो.

"पण जीएसटी कमी झाला ना?" हाही प्रश्न येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मॉनिटर आणि मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला हे खरं. लॅपटॉपवर मात्र तो आधीही १८ होता आणि आताही १८ च आहे. दुकानदार "जीएसटी कट ऑफर" म्हणून लॅपटॉप विकत असेल, तर हसून पुढे जा.

चूक कोणाची?

इथे मला मायक्रोसॉफ्टला सरसकट झोडपायचं नाही. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं. दहा वर्षं अपडेट मिळाले, तेही ठरल्याप्रमाणे. टीपीएमसारख्या गोष्टींनी सुरक्षितता वाढते हेही खरंच.

खटकतं ते दुसरंच. सातव्या पिढीचे पीसी २०१८ मध्येही दुकानांत नवे म्हणून विकले जात होते. ज्याने तेव्हा घेतला, त्याला दहा नाही, साधारण सातच वर्षं मिळाली. आणि बिलावर किंवा बॉक्सवर हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. फोनच्या बाबतीत आपण हल्ली किती चोखंदळ झालोय बघा. पिक्सेल ८ आणि गॅलॅक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं वचन जाहिरातीतच असतं. स्वस्त फोन घेतानाही कॉलेजची मुलं विचारतात, "किती वर्षं अपडेट?" पीसी घेताना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आणि विचारल्याने फरक पडतो. युरोपमधल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर मायक्रोसॉफ्टने तिथल्या लोकांना ईएसयू सिंकची अट न घालता मोफत दिलं. तिथे २० जून २०२५ पासून फोन कंपन्यांवरही विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं सिस्टिम अपडेट देण्याचं बंधन आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाचं राइट टू रिपेअर पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, पण त्याचा भर दुरुस्तीवर आहे. सॉफ्टवेअर संपलं की धडधाकट मशीन कचरा होतं, ही गोष्ट आपल्या चर्चेत अजून नीट आलेलीच नाही. माझ्या मते सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे बॉक्सवर एमआरपीशेजारी एक ओळ: "अपडेट या तारखेपर्यंत". औषधाच्या पट्टीवर एक्सपायरी छापता येते, तर पन्नास हजारांच्या लॅपटॉपवर का नाही?

मग आता करायचं काय?

या रविवारी अर्धा तास काढा आणि घरातल्या पीसीवर एवढं करा:

- पीसी हेल्थ चेक चालवा. 'नाही' आलं तर कारण वाचा, बायोसमध्ये टीपीएम बंद आहे का बघा.
- प्रोसेसरच जुना असेल तर ईएसयूची नोंदणी करा.
- फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. हे विंडोज ११ वाल्यांनाही लागू.
- ऑफिस २०१६ किंवा २०१९ वापरत असाल तर त्यांचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. अनोळखी मेलमधली वर्ड-एक्सेल फाइल उघडू नका.
- क्रॅक केलेलं विंडोज असेल तर ॲक्टिव्हेटरच्या नावाखाली आत काय बसलंय कोण जाणे. त्यावर बँकेचं काम नकोच.
- पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून नुसतं चालवून बघा. इन्स्टॉल न करताही ते चालतं, आतल्या फाइल्सना धक्का लागत नाही.

आणि पीसी खरंच संपला असेल, तर डिस्क पूर्ण पुसून तो अधिकृत ई-कचरा रिसायकलरकडे द्या. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवरही आहे. भंगारवाल्याकडे गेलेला बोर्ड पुढे कुठेतरी उघड्यावर जाळला किंवा ॲसिडमध्ये बुडवला जातो, आणि तो धूर कुणाच्या तरी पोराच्या छातीत जातो.

ईएसयू घेतलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ती फक्त मुदतवाढ आहे. १३ ऑक्टोबर २०२६ ही तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि रिमाइंडर दोन महिने आधीचा लावा. तोपर्यंत घरात बसून ठरवा, नवीन घ्यायचा की लिनक्सवर जायचं. निर्णय कोणताही घ्या, पण तो तुमचा असू दे, स्क्रीनवरच्या मेसेजचा किंवा दुकानदाराचा नको.