बॅकग्राउंड काढायचंय? आधी फोटो कशाचा आहे ते बघा

भरतीचे फॉर्म निघाले की माझ्या मावसभावाचा मेसेज ठरलेला: "दादा, सहीचं बॅकग्राउंड काढणारी साईट सांग ना." यंदा मी लिंक पाठवली नाही.

२०१८ च्या शेवटी रिमूव्ह डॉट बीजी आली आणि तासाभराचं फोटोशॉपचं काम काही सेकंदांवर आलं. २०२१ मध्ये कॅनव्हाने ती कंपनीच विकत घेतली. २०२२ मध्ये आयओएस १६ आलं, फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरलं की तो सुटा व्हायला लागला. सॅमसंगच्या गॅलरीतही आता हे आहे. त्यामुळे बॅकग्राउंड म्हटलं की एआय, असं समीकरण डोक्यात बसलंय.

पण ही मॉडेल्स शिकलीत काय? फोटोतली मुख्य वस्तू ओळखायला. माणूस, चप्पल, कुत्रा, मस्त जमतं. (उडणारे केस आणि काचेचा ग्लास सोडून. तिथे कडा अर्धपारदर्शक असतात आणि मॉडेल गोंधळतं.) सही म्हणजे मात्र नुसत्या बारीक रेषा. एआय त्यातली एखादी वेलांटी सरळ खाऊन टाकतं. तिथे जुना उपाय भारी: गिम्प या फुकट सॉफ्टवेअरमधलं 'कलर टू अल्फा'. पांढरा रंग निवडला की कागद गायब, शाई जागेवर. नेटसुद्धा लागत नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. आयबीपीएससारख्या भरतीत सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करून १० ते २० केबीच्या जेपीजीत मागतात. जेपीजीत पारदर्शकता साठवताच येत नाही! म्हणजे काढलेलं बॅकग्राउंड परत पांढरं, नाहीतर काळं होणार. खिडकीजवळ उजेडात फोटो घ्या, क्रॉप करा, ब्राइटनेस वाढवा. झालं काम.

घरच्या साड्यांचे फोटो कुठल्याही साईटवर टाका, माझं काही म्हणणं नाही. सही आणि आधार कार्ड वेगळं. अनोळखी साईटवर अपलोड केलं की कॉपी त्यांच्या सर्व्हरवर जाते. 'तासाभरात डिलीट करतो' असं लिहिलेलं असतं, पण ते तुम्ही तपासणार कसं? कॉम्प्युटर असेल तर रेमबीजी हे ओपन सोर्स टूल आहे. मॉडेल एकदा डाउनलोड झालं की फोटो मशीनच्या बाहेर जात नाही.

भावाने सही तीन वेळा केली. तिसरी अपलोड झाली, १४ केबी.