लेकरांनी सांगावं असं घर

मे महिन्याचे शेवटचे दिवस. ऊन चाळिशीच्या वर, मृगाला अजून आठ-दहा दिवस, शाळा बंद. बीड जिल्ह्यातल्या अनेक गावांत याच दिवसांत घरं भरलेली असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास उसतोडीला गेलेली माणसं कारखाने बंद झाल्यावर परतलेली असतात. सहा महिने आजी-आजोबांकडे राहिलेली लेकरं आणि त्यांचे आई-वडील पुन्हा एका छताखाली येतात.

अशाच एका दुपारी एक आजी आपल्या नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"साहेब, पिल्लू चावलंय म्हणतोय. पाच दिस झाले. आज सांगितलं बघा यानं."

पोटरीवर दातांच्या दोन लहान खुणा होत्या, खपली धरलेली. रक्त आलं होतं का, असं विचारल्यावर त्याने मान हलवली. मग इतके दिवस का सांगितलं नाहीस, असं विचारलं. तो बराच वेळ खाली बघत राहिला आणि म्हणाला, "पप्पांनी पिल्लू रानात सोडून दिलं असतं."

मला आज याच वाक्यावर लिहायचं आहे. त्या मुलाला रेबीज काय असतो ते माहीत नव्हतं. पिल्लू जाईल एवढं मात्र पक्कं माहीत होतं. आई-वडील दूर असताना तेच पिल्लू त्याच्या सोबतीला होतं. वडील परत आले, तर त्यांच्या दृष्टीने ते खरकटं खाणारं आणि रात्री भुंकणारं एक जनावर. दोघांचंही आपापल्या जागी खरंच होतं.

माझं मत असं आहे की, लेकरांच्या ज्या आवडीला आपण घरात फालतू म्हणतो, ती आवड सुटत नाही, फक्त लपते. आणि लपलेल्या आवडीतून झालेली इजासुद्धा लपते. ती आमच्यापर्यंत उशिरा पोहोचते, कधी कधी फार उशिरा.

पिल्लू चावलं तर

आधी या मुलाचं सांगतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतली, रेबीजची लस सुरू केली आणि जखमेत देण्याच्या सीरमसाठी त्याला मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. पाच दिवस उशीर झाला होता, तरी उपचाराची वेळ गेलेली नव्हती. रेबीजची लक्षणं दिसायला बहुतेक वेळा काही आठवडे ते काही महिने लागतात. त्या आधी लस आणि गरज असेल तर सीरम मिळालं, तर जीव वाचतो. एकदा लक्षणं सुरू झाली की मात्र जवळजवळ कुणीच वाचत नाही. म्हणून "आता उशीर झाला, जाऊन काय उपयोग" असं कधीही म्हणू नका.

प्रत्येक घराने एवढं लक्षात ठेवावं:

१. कुत्रं, मांजर किंवा माकड चावलं, ओरखडलं किंवा त्याने उघड्या जखमेवर चाटलं, तर ती जागा लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच जास्त असतात.

२. हळद, मिरची, चुना, तेल, तंबाखू, काहीही लावू नका. जखम बांधू नका.

३. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथे मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचा जमाना केव्हाच गेला. आता लस दंडात देतात, आणि ठरलेल्या तारखांना सगळे डोस पूर्ण करायचे असतात.

४. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागतं. लसीचा परिणाम सुरू व्हायला काही दिवस लागतात. तोपर्यंत सीरम संरक्षण देतं.

५. "पिल्लूच आहे, त्याला काय होतंय" असं समजू नका. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो.

आणि आता वडिलांसाठी महत्त्वाची गोष्ट. चावलेलं कुत्रं सोडून देऊ नका, मारू नका. लस लगेच सुरू करून त्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचं असतं. दहा दिवसांनंतरही ते धडधाकट असेल, तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असं मानता येतं. रानात सोडलेल्या कुत्र्याचं पुढे काय झालं हे कळायला मार्गच राहत नाही. म्हणजे मुलाला ज्याची भीती होती तेच घडलं असतं, तर नुकसान त्याच्या तब्येतीचंही झालं असतं.

हे त्या मुलाच्या वडिलांना मी समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग बांधून ठेवतो साहेब." दहा दिवस पिल्लू दारात बांधलेलं राहिलं आणि ठणठणीत राहिलं. मुलाचे डोस पूर्ण झाले. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की जनावरांच्या दवाखान्यात नेऊन त्यालाही लस द्यायची, महिन्याने दुसरी आणि मग दरवर्षी एक, असं ठरलं. पहिल्या लसीला वडील स्वतः घेऊन गेले, हे मला आजींनी सांगितलं.

विहिरीवरची गंमत

याच दिवसांत लपवली जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे पोहणं. दुपारी आई-वडील जरा आडवे झाले की पोरं विहिरीवर किंवा तळ्यावर पळतात. घरी विचारलं तर नाहीच म्हणतील, म्हणून विचारतच नाहीत. चड्डी वाळवून, डोक्याला तेल लावून, जणू काही झालंच नाही असं घरी येतात.

मला पोहण्याबद्दल तक्रार नाही. उलट पोहता न येणं हाच मोठा धोका आहे. आपल्या आधीच्या पिढ्या पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून, चुलत्याच्या नाहीतर मामाच्या नजरेखाली पोहायला शिकल्या. आताही पोरांची ओढ तीच आहे, पण काठावरचा चुलता गायब झाला आहे. मे अखेरीस विहिरीचं पाणी खोल जातं, दगड आणि कपार उघडी पडते, वरून उडी मारली की डोक्याला नाहीतर मानेला मार बसतो. तळ्यात गाळ असतो, त्यात पाय रुततो.

"विहिरीवर गेलास तर तंगडं मोडीन" या धमकीने पोरगं जायचं थांबत नाही. ते फक्त अशा वेळी जातं, जेव्हा बघायला कुणी नसतं. त्यापेक्षा आठवड्यातून दोन संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पोहता येणाऱ्या मोठ्या माणसाने सोबत जावं. रिकामा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा कॅन पाठीला बांधावा आणि काठावर दोर ठेवावा. त्याच्यावर विसंबून काठावरच्या माणसाने मात्र नजर हटवू नये.

बुडालेल्या मुलाला बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे करू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं. मूल शुद्धीवर नसेल आणि श्वास घेत नसेल, तर त्याला पाठीवर झोपवा, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या आणि मग छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात करा. ३० वेळा दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. कुणाला तरी १०८ ला फोन करायला लावा आणि मदत येईपर्यंत थांबू नका.

कानात वाजणारं

तिसरी गोष्ट संगीताची. उन्हाळा म्हणजे लग्नसराई. अकरावी-बारावीची पोरं बँजो पार्टीत, बँडमध्ये नाहीतर डीजेच्या गाडीवर जातात. चार पैसे मिळतात, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याची आवडही असते. अशा एका मुलाला तीन आठवडे कानात सतत शिट्टी वाजल्यासारखं होत होतं. तो आला तो तापासाठी. जाता जाता दारात उभं राहून त्याने कानाचं सांगितलं, तेही वडील औषधं घ्यायला बाहेर गेल्यावर. "घरी कळलं तर वाजवणं बंद करतील."

आतल्या कानात अतिशय नाजूक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, आणि वारंवार मारा झाला तर मरतात. मेलेल्या पेशी पुन्हा येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालतो, पण ९० डेसिबलला ही मर्यादा फक्त ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटांवर. डीजेच्या भिंतीसमोर शंभर डेसिबल सहज ओलांडले जातात.

त्या मुलाला मी वाजवणं सोड असं म्हटलं नाही. स्पीकरच्या थेट समोर उभं राहू नको, कानात फोमचे बोळे घाल, तासाभराने पंधरा मिनिटं लांब जा आणि कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घे, असं सांगितलं. वाजवणाऱ्यालाच कान सगळ्यात जास्त लागतात, हे त्याला लगेच पटलं. एक गोष्ट मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. काही वेळा लवकर उपचार केल्याने ऐकू येणं परत मिळतं, थांबलात तर ती संधी जाते.

मोठी माणसंही लपवतात

वाटेल की हे सगळं पोरांचं आहे. तसं नाही. वर्षानुवर्षं एकादशीच्या भजनाला जाणाऱ्या एक मावशी अचानक जायच्या बंद झाल्या. घरच्यांना वाटलं, वय झालं. खरं कारण असं होतं की वरच्या पट्टीत म्हणताना, खोकताना त्यांना लघवी सुटायची. लाजेने कुणाला बोलल्या नाहीत. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि तपासणीत निघालेल्या जंतुसंसर्गाचं औषध यांनी त्यांना पुष्कळ फरक पडला. आता त्या पुन्हा टाळ घेऊन बसतात.

म्हणून घरातल्या माणसाने आवडीची गोष्ट सोडली, तर ते लक्षण समजा. आजोबांनी पेटी वाजवणं बंद केलं असेल तर ऐकू कमी येतंय का, बोटं आखडतात का, मन उदास आहे का, हे विचारा. साखर आणि बीपी मोजायला यंत्र आहे. "तुम्ही आजकाल भजनाला का जात नाही?" हे मात्र घरच्याच माणसाने विचारावं लागतं.

लाड नकोत, नियम हवा

यावर काही वडील मला म्हणतात, "डॉक्टर, सगळं ऐकून घेतलं तर पोरगं वाया जाईल." मला त्यांचं म्हणणं कळतं. सहा महिने कोयता चालवून, उचल फेडून आलेल्या माणसाला घरी शांतता हवी असते. पोराने शिकावं, त्याच्या हातात पुन्हा कोयता येऊ नये, या काळजीपोटीच तो ओरडतो. शिस्त हवीच. पण मार आणि धाक यांनी मूल धोका टाळायला शिकत नाही. ते धोका आपल्यापासून लपवायला शिकतं.

म्हणून मी एकच नियम सुचवतो: आपल्या घरात सांगितल्याबद्दल शिक्षा नाही. चूक झाली असेल तर तिच्यावर नंतर बोलू, आधी दवाखाना. हा नियम लेकरांना स्पष्ट शब्दांत सांगा, आणि पहिल्यांदा ते काही सांगतील तेव्हा पाळून दाखवा. एकदा मोडला तर पुन्हा ते सांगणार नाहीत.

दुसरं, रोज संध्याकाळी अंगणात अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून लेकरांच्या आवडीत बसा. पिल्लाचं नाव विचारा, पोराला एक ठेका वाजवून दाखवायला सांगा, आजीला एखादा अभंग म्हणायला लावा. याला पैसे लागत नाहीत. या गप्पांमधूनच "परवा ते पिल्लू चावलं होतं" हे वाक्य आपोआप बाहेर येतं, पाचव्या दिवशी नाही, त्याच संध्याकाळी.

थोड्याच दिवसांत पाऊस येईल, पेरणीची घाई होईल, शाळा सुरू होतील. मग दसऱ्यानंतर पुन्हा कोयते निघतील. घर भरलेलं आहे ते आत्ता. आज संध्याकाळी लेकरांना जवळ बसवून हा एक नियम सांगून टाका.