कॅप्सूलमधले दाणे कुटू नका!

परवा एक आजोबा तक्रार घेऊन आले. "डॉक्टर, महिना झाला औषध घेतोय, पण जळजळ तसूभर कमी नाही." चौकशी केली तेव्हा कळले, की कॅप्सूल घशात अडकते म्हणून सूनबाई ती उघडतात, आतले दाणे खलबत्त्यात कुटतात आणि दुधातून देतात. करीत होत्या मायेनेच, पण औषध वाया जात होते.

ओमेप्राझोल हे आम्लपित्तावरचे औषध. पण जठरातल्या आम्लानेच ते नासते. म्हणून त्याच्या दाण्यांवर आम्लात न विरघळणारा लेप देतात. तो पुढे लहान आतड्यात सुटतो. दाणा कुटला की लेप फुटला. दुधात तर आम्लता फारच कमी, त्यात दाणे भिजले तरी लेप सुटू शकतो.

असे दाणे करण्याची एक रीत आपल्या संक्रांतीच्या हलव्यासारखी आहे. आपण तीळ-खसखशीवर पाकाची पुटे चढवतो. कारखान्यात साखरेचे बारीक दाणे गरम हवेच्या झोतात खेळवत त्यांवर आधी औषध, मग लेप फवारतात. हलव्याला काटा हवा. इथे मात्र दाणा गुळगुळीत आणि सारख्या मापाचा लागतो. समजा, दाणे ठरल्यापेक्षा निम्म्या व्यासाचे झाले. वजन तेवढेच, पण एकूण पृष्ठभाग दुप्पट! लेप तेवढाच वापरला तर थर निम्मा बसणार, मग तो आम्लात टिकेलच याची खात्री नाही. म्हणून दाणे चाळतात. वरच्या चाळणीत मोठे अडकतात, खालच्या चाळणीतून बारीक गळून जातात आणि मधले तेवढे कॅप्सूलमध्ये भरतात.

एवढी काटेकोर मेहनत आणि तिची माती होते रुग्णाच्या घरी! माझ्या मते यात दोष सूनबाईंचा नाहीच. चिठ्ठी लिहिताना 'कुटू नका' हे दोन शब्द मीच बोललो नव्हतो. औषध दुकानदारही बोलला नाही. पाकिटावर सूचना असलीच तर बारीक इंग्रजी अक्षरांत. ती कोणी वाचायची? ही सूचना ठळक मराठीत छापायला कंपन्यांना असा काय खर्च येणार आहे?

वाचकहो, कॅप्सूल गिळता येत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगा. काही कॅप्सूल उघडून आतले दाणे मऊ पदार्थाबरोबर, न चावता, लगेच गिळता येतात, सगळ्याच नाही. आजोबांना मी घोटभर पाणी घेऊन मान जरा पुढे झुकवायला सांगितले. कॅप्सूल हलकी, पाण्यावर तरंगते, तशी ती घशाकडे सरकते. दुसऱ्या खेपेला गेली.