सामान आणि सभ्यता

विमानाची चाके धावपट्टीला टेकतात. वेग मंदावतो, पण विमान अद्याप थांबलेले नसते. पट्टे बांधून जागेवर बसून राहावे, अशी सूचना दोन-तीन भाषांतून दिली जाते. आणि ती पुरी होण्याच्या आतच पट्टे सोडल्याचा खटखट आवाज चहूकडून येऊ लागतो. पाहता पाहता मधली अरुंद वाट माणसांनी भरून जाते. कोणी डोक्यावरचा कप्पा उघडून आपली बॅग ओढतो आणि ती खाली बसलेल्या वृद्धाच्या खांद्यावर आदळते. कोणी मागच्या रांगेतून चार रांगा पुढे सरकून तेथेच तळ ठोकतो. दार उघडायला अजून बराच अवकाश असतो. तेवढा वेळ ही सारी मंडळी मान वाकडी करून, एकमेकांच्या पाठीला बॅगा टेकवून उभी राहतात आणि अखेर सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी सर्वांची पुन्हा गाठ पडते. घाई करणाऱ्याची पेटी आणि न करणाऱ्याची पेटी एकाच गाडीवरून येत असते!

हे दृश्य आता मूठभर श्रीमंतांपुरते राहिलेले नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस विमान आणले, तेव्हा त्यात प्रवासी नव्हते. होत्या त्या टपालाच्या थैल्या. २०२४ या एका वर्षात देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या १६ कोटींच्या पुढे गेली. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झाले. शिक्षक, कारकून, परीक्षेला निघालेला विद्यार्थी हे सारे आज विमानात दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र याच गोष्टीकडे बोट दाखवून काही जुने प्रवासी नाक मुरडतात. विमानात आता ‘कोणीही’ चढू लागले, म्हणून शिस्त गेली, असे त्यांचे म्हणणे. हे निदान सपशेल चुकीचे आहे. पहिल्यांदा विमानात बसलेला माणूस बहुधा संकोचाने वागतो, सूचना कान देऊन ऐकतो, विचारून विचारून पट्टा बांधतो. सूचना चालू असताना दूरध्वनीवर मोठ्याने बोलत राहणारा, दोन बॅगा आणि वर एक पिशवी घेऊन दुसऱ्याच्या डोक्यावरचा कप्पा अडवणारा प्रवासी पुष्कळदा नित्याचा, सुशिक्षित आणि सुस्थितीतला असतो. तेव्हा हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. आपण तिकीट काढले म्हणजे हक्क विकत घेतला आणि कर्तव्य मात्र हवाई सुंदरीकडे राहिले, या समजुतीचा तो प्रश्न आहे.

या बाबतीत मुंबईची लोकल गाडी विमानाला बरेच काही शिकवू शकेल. तिच्यात भांडणे होत नाहीत असे नव्हे. दारात उभे राहून अरेरावी करणारे टोळके तेथेही आहे. तरीही त्या अमाप गर्दीने आपली एक रीत घडविली आहे. तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा द्यायची. आत शिरलेल्याची बॅग हातोहात फळीवर पोचवायची. आपले स्टेशन येण्यापूर्वीच दाराकडे सरकायचे आणि तसे सरकताना पुढच्याला ‘उतरणार का?’ असे विचारायचे. यांतील एकही गोष्ट शिकविण्यासाठी सरकारने परिपत्रक काढलेले नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ साली धावली, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करता करता लोकांनीच ती रीत रुजवली. विमानप्रवास सामान्यांच्या आवाक्यात येऊन पुरती दोन-तीन दशकेही लोटलेली नाहीत. तेथे नियम पुष्कळ आहेत, रीत मात्र अजून जन्माला यायची आहे.

नियमांची उणीव खरोखरच नाही. बहुतेक कंपन्या देशांतर्गत प्रवासात सामान्य वर्गाच्या प्रवाशाला सात किलोंपर्यंतची एक बॅग आत नेऊ देतात. उपद्रवी प्रवाशांसाठी २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तीन पायऱ्यांची शिक्षा ठरविली. शिवीगाळीसारख्या वर्तनाला तीन महिन्यांपर्यंत, अंगावर जाण्याला सहा महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतणाऱ्या कृत्याला दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ विमानबंदी. हे योग्यच झाले. परंतु हा कायदा मद्यधुंद माणसाला आवरील. दुसऱ्याची बॅग दाबून आपली बॅग कोंबणाऱ्याला तो कसा आवरणार?

दोष एकट्या प्रवाशाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. ज्या कंपन्या खुर्च्यांच्या रांगा एकमेकींच्या इतक्या जवळ आणतात की उंच माणसाचे गुडघे पुढच्या पाठीला टेकावेत, त्यांनी सौजन्याचे पाठ द्यावेत हे विनोदी आहे. पोटात ठेवण्याच्या सामानाला ठरीव वजनापुढे किलोमागे पैसे आकारायचे आणि आत न्यायच्या बॅगेकडे काणाडोळा करायचा, असे धोरण असेल तर प्रवासी सारे बिऱ्हाड आत नेणारच. यात शिक्षा होते ती नियम पाळणाऱ्याला. त्याची बॅग मापातली असते. पण तो जागेवर पोचेपर्यंत कप्पा भरलेला असतो. पुढच्या खेपेला तोही लवकर घुसायला शिकतो. नाटकाला पहिली रांग उभी राहिली की मागच्या साऱ्या रांगांना उभे राहावे लागते, आणि बसून जेवढे दिसत होते त्याहून अधिक कोणालाच दिसत नाही. सामानाच्या पट्ट्यापाशी हेच घडते. सर्वांनी दोन पावले मागे उभे राहावे, तर प्रत्येकाला आपली पेटी लांबून दिसेल. एकाने पुढे पाऊल टाकले की सारी गर्दी पट्ट्याला चिकटते.

येथवर हा केवळ गैरसोयीचा विषय वाटेल. पण नित्याची सवय संकटाच्या वेळी बदलत नसते, आणि खरी चिंता तेथेच आहे. प्रवासी विमानाला मान्यता देताना अशी कसोटी लावतात की, निम्मीच दारे उपलब्ध असताना आणि अंधारात, भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे झाले पाहिजे. या हिशेबात बॅग काढायला एकही सेकंद धरलेला नाही. बॅग घेऊन निघालेला माणूस वाट अडवतो, मागच्याला थांबवतो, आणि रबरी घसरगुंडीवर ती बॅग कोणाला लागण्याची वा घसरगुंडीच फाटण्याची भीती असते. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेले एमिरेट्सचे विमान दुबईच्या धावपट्टीवर आदळून पेटले. आतील ३०० माणसांत बहुसंख्य प्रवासी भारतीय होते. धूर भरत असताना काही जण डोक्यावरच्या कप्प्यांतून बॅगा काढत होते, हे चित्रफितीतून जगाने पाहिले. सुदैवाने तिनशेही जण वाचले. काही मिनिटांनी स्फोट झाला आणि आग विझवायला आलेला एक जवान प्राणाला मुकला.

त्या माणसांना लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण आखातात राबणाऱ्या माणसाच्या बॅगेत काय असते? पारपत्र, कामाचा परवाना, घरून आणलेली औषधे, कदाचित वर्षाची पुंजी. केरळाप्रमाणेच रत्नागिरीच्या घराघरांतही ही गोष्ट ठाऊक आहे. ते कागद म्हणजेच त्याची रोजी. म्हणून ‘बॅग सोडा’ अशी आरोळी पुरेशी नाही. कागद आणि औषधे अंगावरच्या कमरपिशवीत वा खिशात ठेवूनच विमानात बसावे, हे त्याला तिकिटाच्या वेळीच सांगितले पाहिजे. तसे केले, तर सोडून जावी लागणारी बॅग निव्वळ कपड्यांची उरते.

याच्या उलट चित्र २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर दिसले. जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. त्या लहान विमानातील सहांपैकी पाच जण दगावले. मोठ्या विमानात लहान मुलांसह ३७९ माणसे होती. ध्वनिक्षेपक बंद पडला, आठांपैकी तीनच दारे वापरता आली, तरी सारे जण बाहेर आले. सामान बहुतेकांनी आतच सोडले आणि ते विमानाबरोबर जळून गेले. जपानी माणूस जन्मतः शिस्तीचा असतो, असे म्हणून याचे कोडे सुटत नाही. १९८५ साली याच कंपनीच्या विमानाच्या अपघातात ५२० माणसे गेली होती. ती आठवण कंपनीने पुसू दिली नाही. अपघाताचे अवशेष जतन करून कर्मचाऱ्यांपुढे ठेवले. हानेदाला दिसलेल्या शिस्तीमागे अशी वर्षानुवर्षांची तयारी होती.

आपल्याकडेही ती तयारी अशक्य नाही. कंपन्यांनी बॅगांचे माप दाराशीच काटेकोरपणे आणि सर्वांना सारखेच लावावे. खुर्चीवरच्या बड्या असामीसाठी ते वाकवू नये. शाळांच्या सहलींत मुलांना रांगेने चढणे-उतरणे शिकविले जाते. त्यात संकटात सामान सोडून निघण्याचा सराव जोडायला पैसा लागत नाही. आणि प्रवाशाने विमान थांबेपर्यंत बसून राहावे. पुढच्या रांगा निघेपर्यंत त्याने थांबावे, वर हात न पोचणाऱ्या म्हातारीची पिशवी आधी काढून द्यावी. हे करायला फार तर दहा मिनिटे लागतात. जो माणूस शांत वेळी दहा मिनिटे थांबू शकत नाही, तो आगीच्या वेळी बॅग सोडील अशी आशा कोणत्या आधारावर धरायची?