नखांचा रंग, हातांचा हक्क



वर्ध्यातल्या एका बैठकीत एका तरुण मैत्रिणीच्या जेल लावलेल्या नखांना आम्ही हसलो. नंतर माझी मलाच लाज वाटली. कापूस वेचून ओरबाडलेल्या बोटांनाही रंगाची हौस असतेच. जेल दोन-तीन आठवडे टिकतं, भांडी घासूनही सहसा उडत नाही. पण दिव्याखाली नीट न वाळलेलं जेल कातडीला लागलं, तर जन्माची ॲलर्जी जडू शकते. काही जेलमध्ये असणाऱ्या टीपीओ या रसायनावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली.

गिऱ्हाईक महिन्यातून एखाद्या वेळी येतं. पार्लरमधली मुलगी ते रोज हाताळते. तिला नायट्राइलचे हातमोजे, खेळती हवा आणि बाटलीवर मराठीत माहिती मिळायलाच हवी. हौसेला नाकं मुरडण्यापेक्षा ही मागणी लावून धरू या.