पाना आपल्याच हाती

“सायकल घेऊन विमानाने? अगं, तिथे भाड्याने मिळत नाही का?” हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय, की आता मी उत्तर देत नाही, नुसती हसते. पण ज्या मैत्रिणी वर्षानुवर्षं एकाच शिंप्याकडून ब्लाऊज शिवून घेतात, त्यांना माझं म्हणणं चटकन कळतं. रोड बाइक म्हणजे बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची, वजनाला हलकी सायकल. तिची सीट, हँडल, पेडल सगळं आपल्या अंगाच्या मापाने बसवलेलं असतं. सीट अर्धा-एक सेंटिमीटर इकडची तिकडे झाली, तरी शंभर किलोमीटरनंतर गुडघे तक्रार करू लागतात. म्हणून लांबच्या रपेटीला आपलीच सायकल हवी, आणि रपेट दूरच्या राज्यात असेल तर तिला विमानात घालणं आलं.

पहिल्यांदा नेली तेव्हाची गोष्ट. आम्ही पाचजणी, सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या. कोइमतूरला उतरायचं, मेट्टुपालयमहून कोटागिरीचा घाट चढायचा आणि उटीला पोचायचं, असा बेत होता. तीन महिने पहाटे उठून सराव केला होता. सायकल पॅक करायची वेळ आली तेव्हा नेहमीचा सायकलवाला घरी आला. “ताई, काळजी करू नका,” म्हणाला. नवऱ्याने शेजारी उभं राहून देखरेख केली. आणि मी काय केलं? मी दोघांना चहा करून दिला.

मेट्टुपालयमच्या लॉजवर खोका उघडला तेव्हा समोर सुटे भाग, आणि जोडायला ना सायकलवाला ना नवरा. तरी म्हटलं, चार बोल्ट तर आवळायचेत. एक पेडल काही केल्या बसेना. मी जोर लावला, आणखी जोर लावला. शेवटी ते फिरलं, पण वाकडं. मी उजवं पेडल डाव्या बाजूला घातलं होतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात आणि पेडलवर बारीक अक्षरात ‘एल’ आणि ‘आर’ कोरलेलं असतं, हे त्या दिवसापर्यंत मला माहीतच नव्हतं. क्रँकचे आटे गेले. दुसऱ्या दिवशी चौघीजणी घाट चढल्या आणि मी सामानाच्या गाडीत बसून खिडकीतून चहाचे मळे बघितले. टपावर माझी सायकल होती.

रडू आलंच. पण घाट चुकला म्हणून नाही. सायकल माझी, पाय माझे, तीन महिन्यांचा घाम माझा आणि ती उघडताना मी स्वयंपाकघरात होते, याचं वाईट वाटलं. परत आल्यावर ठरवलं, यापुढे आपली सायकल आपणच खोलायची. पहिल्या वेळी अडीच तास लागले. आता पाऊण तासात होतं. जे शिकले ते सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

खोका सायकलच्या दुकानात मागावा. नवी सायकल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येते तोच चालतो, आणि तो बहुधा फुकट किंवा किरकोळ पैशांत मिळतो. त्याच वेळी चिमट्याच्या टोकांत बसवलेला प्लॅस्टिकचा तुकडाही मागून घ्यावा. चाक काढल्यावर चिमट्याची टोकं मोकळी राहतात आणि वरून दाब आला की वाकतात. तो तुकडा मध्ये असला की वाकत नाहीत. मागच्या चाकाच्या जागीही तसाच आधार द्यावा.

काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढावेत. सीटच्या दांड्यावर, ती जिथवर आत जाते तिथे, इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीची खूण करावी. मग पेडल काढावीत. उजवं-डावं, उलटं-सुलटं असा घोळ घालण्यापेक्षा एकच लक्षात ठेवा. पाना पेडलच्या वर उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडे ओढायचा, म्हणजे सुटतं. पुढच्या चाकाकडे ओढला की आवळलं जातं. दोन्ही बाजूंना हाच नियम. बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावायचं आणि सुरुवात नेहमी बोटांनी करायची. बोटांनी फिरत नसेल तर काहीतरी चुकतंय. पान्याने जबरदस्ती करायची नाही.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे मागचा डिरेलर, गिअर बदलणारा. तो ज्या छोट्या पट्टीवर लटकतो तिला हँगर म्हणतात. तिची तऱ्हा चकलीसारखी, जरा धक्का लागला की गेली. म्हणून डिरेलर त्या पट्टीवरून सोडवायचा, केबल तशीच ठेवायची आणि जुन्या ओढणीत गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधायचा. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि परगावी मिळेलच असं नाही. म्हणून एक जादा हँगर सोबत ठेवावा. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सारावी. चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटत नाहीत.

हँडल काढून फ्रेमला समांतर बांधायचं. फ्रेमच्या नळ्यांवर एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम चढवायचा. टायरची हवा कमी करायची, पण रिमला थोडी गादी राहील इतकी ठेवायची. सगळे बोल्ट एका पिशवीत घालून ती फ्रेमलाच बांधायची. कार्बनची सायकल असेल तर बोल्टजवळ किती आवळायचं त्याचा आकडा छापलेला असतो. तो पाळावा आणि मोजून आवळणारा छोटा पाना घ्यावा. कार्बन जास्त आवळलं की तडकतं.

आता विमानाचं. गंमत बघा, राइट बंधू मूळचे सायकलवाले. अमेरिकेतल्या डेटन गावात त्यांचं सायकलींचं दुकान होतं, आणि १९०३ साली उडालेल्या त्यांच्या विमानाचे पंखे सायकलसारख्या चेननेच फिरत होते. सायकलच्या दुकानातून निघालेल्या विमानात सायकल न्यायची म्हणजे मात्र आज दहा नियम. प्रत्येक कंपनीचे वेगळे. म्हणून तिकीट काढण्याआधी चौकशी करावी आणि उत्तर लेखी घ्यावं. देशांतर्गत विमानात बहुतेक साध्या तिकिटांवर १५ किलो सामान चालतं. रोड बाइक आठ-दहा किलोची, वर खोका. कपडे किती न्यायचे ते यावरूनच ठरतं. पाने आणि अवजारं सायकलबरोबर खोक्यात टाकावीत. हातातल्या पर्समध्ये असली तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र उलट, त्या जवळच ठेवाव्या लागतात. हवा भरायची गॅसची काडतुसं घरीच ठेवावीत आणि साधा हातपंप न्यावा. तपासणीत खोका उघडायला लावला तर परत बंद करायला चिकटपट्टीचं रीळ हाताशी असू द्यावं.

पोचल्यावर विमानतळावरच खोका चारी बाजूंनी बघावा. कोपरा चेपला असेल तर तिथेच उघडावा, फोटो काढावेत आणि काउंटरवर नोंद करावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल कराराप्रमाणे सामान हाती आल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. “घरी जाऊन बघू” म्हटलं की हक्क हातचा जातो.

हे सगळं वाचून “बाप रे” म्हणाल. पण मैत्रिणींनो, पॅकिंग आपल्याला कुणी शिकवायला हवं का? अमेरिकेला निघालेल्या लेकाच्या बॅगेत लोणच्याची बरणी न गळता आणि चकल्या न मोडता कोण बसवतं? वजनकाट्यावर बॅग ठेवून गोडा मसाला इकडून तिकडे कोण करतं? नाजूक वस्तू कशाला टेकवायची, पोकळी कशाने भरायची, हे आपल्या हातांना ठाऊक आहे. नाही तो फक्त पाना. तोही जड असतो म्हणून नव्हे, कुणी कधी हातात दिला नाही म्हणून.

माझ्या भावाची सायकल बिघडली की वडील त्याला म्हणायचे, “बस इथे, बघ कसं करतो ते.” माझी बिघडली की म्हणायचे, “ठेव, करून देतो.” यात प्रेमच होतं. पण त्या प्रेमापायी भाऊ शिकला आणि मी मेट्टुपालयमला आटे घालवून बसले. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या गेल्या. फार चांगली गोष्ट. पण त्या मुलीला चेन चढवता येत नसेल, पंक्चर काढता येत नसेल, तर ती सायकल पहिल्या खिळ्यापर्यंतच तिची. नंतर ती भिंतीला टेकलेली.

२०१८ साली आपल्या वेदांगी कुलकर्णीने विशीतच सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. सुमारे २९ हजार किलोमीटर, १४ देश, १५९ दिवस. मधले समुद्र काही सायकलवरून ओलांडता येत नाहीत. तिथे विमान आलंच, आणि विमान आलं की खोलणं-जोडणंही आलं.

माझी प्रदक्षिणा लहानशी. दोन वर्षांनी पुन्हा कोइमतूरला गेले. त्याच लॉजच्या व्हरांड्यात खोका उघडला आणि पेडलवरचं ‘एल’ वाचून ते डाव्या बाजूला बोटांनी फिरवलं. लोण्यासारखं आत गेलं. दुसऱ्या दिवशी कोटागिरीचा घाट चढले. हळूहळू, धापा टाकत, सगळ्यांत शेवटी. पण स्वतः जोडलेल्या सायकलवर.

तेव्हा लेकीला, भाचीला सायकल घेऊन द्याल, तेव्हा सोबत पान्यांचा एक साधा संचही द्या. आणि ती बिघडली की “ठेव, करून देतो” म्हणू नका. “बस इथे, आपण करू” म्हणा.