रुक्मिणीहरण आणि ऍव्हरेज

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. तिचा निरोप मिळताच श्रीकृष्णानं रथ जोडला आणि एका रात्रीत विदर्भ गाठला, असं भागवतात आहे. नकाशावर सरळ रेघ मारली तरी द्वारका ते कौंडण्यपूर नऊशे किलोमीटरच्या वर भरतं. घोडे चार, सारथी दारुक. पण एवढ्या मोठ्या पुराणात दारुकाला कुणी विचारलं नाही, की बाबा, घोड्यांना चंदी किती लागली? आज तोच रथ वर्धेच्या काठी अंबिकेच्या देवळापुढे उभा राहू द्या. देवाला हात जोडायच्या आधी चार जण चाकाला टेकून विचारतील, "कितीचं ऍव्हरेज देते, भाऊ?"

माझं या प्रश्नाशी भांडण आहे. पेट्रोल काही वर्धेच्या पाण्यासारखं फुकट वाहत नाही, हे मलाही कळतं. पण जोरदार इंजिनांची तुलना या एका आकड्यावर करायची, म्हणजे पहिलवानांची कुस्ती सोडून त्यांचं ताट मोजायचं. आणि तेही एकादशीच्या दिवशी!

आमच्या घरात यावरून दोन तट आहेत. जावयाची पोलो जीटी टीएसआय : १२०० सीसीचं टर्बो इंजिन, १०५ घोडे, कागदावर ऍव्हरेज १७.२. मेव्हण्याची २०१७ सालची ऑक्टाव्हिया आरएस : दोन लिटरचं इंजिन, २३० घोडे, ऍव्हरेज १४.४५. (त्या शेवटच्या पन्नास मीटरचा त्याला फार अभिमान.) दोघं जेवायला बसले, की वरणभात निवतो.

हे आकडे येतात कुठून? या गाड्यांच्या वेळची रीत अशी, की पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवायची आणि ठरल्या तालानं वीसेक मिनिटं पळवायची. वेग नव्वदच्या वर न्यायचा नाही. एसी बंद. खड्डा नाही, म्हैस नाही, मागच्या सीटवर सासूबाई नाहीत. हीच ती एकादशी. मे महिन्यात अमरावतीत एसी बंद ठेवून मेव्हण्यानं तो १४.४५ काढून दाखवावा. मी त्याचा सत्कार करीन!

टर्बोची गोष्ट तर आणखी मजेची. पाय हलका असला, तर ते छोटं इंजिन सुनेसारखं वेचून खर्च करतं. पाय दाबला, की टर्बो जास्त हवा आत कोंबतो. आणि वजनानं साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतंच. हवा वाढली की पेट्रोल वाढलं. १०५ घोडे पळवायचे तर १०५ घोड्यांची चंदी घालावी लागते. मग तुलना इंजिनांची, की बुटांची?

पण माझा खरा राग आहे तो 'लिटरला किती' या मापावर. अमरावतीहून कौंडण्यपूर सुमारे चाळीस किलोमीटर. जाऊन-येऊन ऐंशी. आठचं ऍव्हरेज देणारी गाडी दहा लिटर पिते. तिला दहावर आणली, तर आठ लिटरात भागतं. दोन लिटर वाचले. आता सोळाची गाडी घ्या. तिला पाच लिटर लागतात. तिच्या जागी वीसची आणली तर चार. वाचला एकच लिटर! म्हणजे दोनाच्या सुधारणेत दोन लिटर, आणि चाराच्या सुधारणेत एक. तरी आपण सोळाची विकून वीसची घ्यायला लाखभर रुपये घालतो, आणि आठवाल्याला म्हणतो, "सोड न बाप्पा, हत्ती पोसला तुनं." अरे, त्या हत्तीच्याच चाकात हवा भरा, वाचण्यासारखं आहे ते तिथंच.

युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर, असं सांगतात. पण त्यासाठी तिकडे जायला नको. रुक्मिणीची पालखी कौंडण्यपूरहून पायी पंढरपूरला जाते. १५९४ पासून जाते असं सांगतात. तिथले वारकरी वाटेला पीठ किती लागेल, याचा हिशेब घालतात. एका शेरात किती कोस, असं कुणी विचारत नाही.

हे सगळं मी मेव्हण्याला कागदावर मांडून दाखवलं. त्यानं तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि जावयाकडे वळून म्हणाला, "पाहा जवाईबुवा, फरक फक्त एका लिटरचा हाय!"

गुणाकार-भागाकार करून पाहिला. कौंडण्यपूरच्या फेरीला तेवढाही नाही.